सातवीच्या वर्गाने सुट्टीत मोजलेली सावली

मे महिना लागला की व्हॉट्सॲपवर दरवर्षी तेच फोटो फिरतात. भर दुपारी गच्चीवर उभी केलेली पाण्याची बाटली, शेजारी स्टीलचा पेला, आणि दोघांनाही सावली नाही. शून्य सावलीचा दिवस. मुलं दोन मिनिटं ‘आयला, खरंच की’ म्हणतात, फोटो काढतात आणि घरात पळतात. त्यांचं काही चुकत नाही. बघायचं होतं ते बघून झालेलं असतं.

मी ज्या प्रकरणाबद्दल लिहितो आहे ते याच दिवसाभोवती घडलं. पण त्यात भाग घेतलेल्या बहुतेक मुलांना शून्य सावली दिसलीच नाही. त्या दिवशी मुलं भलत्याच गावांत होती, आणि प्रकरण लिहिण्याजोगं झालं ते त्यामुळेच.

वर्ग, सर आणि अडचण

कराड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग. विज्ञान आणि गणित दोन्ही एकाच सरांकडे. मी मुलांसाठी विज्ञानाच्या कार्यशाळा घेतो, सरांशी ओळख त्यातूनच झालेली. मार्चमध्ये त्यांचा फोन आला तो काहीसा वैतागूनच. वर्गात प्रयोग होत नव्हते असं नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी झाला होता, फुग्यावर चालणारी गाडी झाली होती. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. सरांचं म्हणणं, “करमणूक होते, पण कुणी प्रश्न घेऊन घरी जात नाही.” मला हे पटलं. ज्वालामुखीला नावं ठेवायची नाहीत, पण त्यात मुलाने काय शोधायचं असतं? फेस येणार हे आधीच ठरलेलं.

मी शून्य सावली सुचवली आणि लगेच अडचण समोर आली. कराडला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो ८-९ मेच्या सुमारास, आणि परतताना ३-४ ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात शाळा बंद. एक तारखेला निकाल लागला की मुलं मामाकडे, आत्याकडे, मावशीकडे. ऑगस्टमध्ये शाळा असते, पण कराडच्या बाजूला ऑगस्टचं आभाळ काय असतं ते सांगायला नको.

सरांनी एप्रिलमध्ये वर्गात सहज विचारलं, सुट्टीत कोण कुठे जाणार? फळ्यावर यादी झाली. पुणे, मुंबई, धुळे, नागपूर, गोव्यात म्हापसा, आणि ‘कुठंच नाही’ म्हणणारी दहाबारा मुलं. यादीचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली एकच ओळ: “वर्ग नकाशावर पसरतोय. याचं काही करता येईल?”

सूर्य रोज तीस किलोमीटर सरकतो

‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. त्यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. महाराष्ट्रात तो बाराला सगळ्यात उंच नसतो, आणि वर्षातले दोन दिवस सोडले तर बरोबर डोक्यावरही नसतो. मार्चच्या २० तारखेच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो, २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तावर, आणि मग परत फिरतो. महाराष्ट्र साधारण साडेपंधरा ते बावीस उत्तर अक्षांशांत येतो, म्हणजे पूर्णपणे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक गावावरून सूर्य जाताना एकदा आणि येताना एकदा जातो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो दिवसाला पाव अंशाहून जरासा जास्त, म्हणजे जमिनीवर सुमारे तीस किलोमीटर उत्तरेकडे सरकतो. कोल्हापूरला ६ मे, कराडला ८-९, पुण्याला १३, मुंबईला १५-१६, धुळ्याला २४-२५, नागपूरला २६. एखाद्या दिवसाचा फरक इकडे तिकडे. सरांनी हा क्रम फळ्यावर लिहिला तेव्हा एका मुलाने विचारलं, “म्हणजे सूर्य एसटीने चाललाय का?” सगळा वर्ग हसला, पण कल्पना डोक्यात बसली.

काम असं ठरलं. ८ मेला, म्हणजे सूर्य कराडवर असताना, प्रत्येकाने आपापल्या गावी एक मीटर उंच काठीची सर्वांत आखूड सावली मोजायची. ३ मेपासून सराव. काठी एका सपाट फळीला खालून खिळा मारून उभी करायची आणि फळीवर कागद चिकटवायचा. सव्वाबारा ते पाऊण, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका द्यायचा. सगळे ठिपके जोडले की जवळजवळ सरळ रेघ येते, आणि काठीच्या बुडापासून त्या रेघेवर टाकलेला लंब ही आपली सावली. सूर्याकडे बघायचं नाही, टोपी घालायची, ठिपका दिला की सावलीत परत. आकडा घरातल्या मोठ्यांच्या फोनवरून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, गट नसेल तर सरांना साधा फोन.

यातून पृथ्वीचा घेर काढता येतो, एवढंच सरांनी सांगितलं. कसा, ते जूनमध्ये. सावलीवरूनच हा घेर काढणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वानाची, इरॅटोस्थेनिसची गोष्ट त्यांनी मुद्दाम मागे ठेवली. गोष्ट आधी सांगितली की उत्तर कळतं, आणि मग मुलं उत्तराच्या दिशेने मोजू लागतात. पुढे जे घडलं ते पाहता हा निर्णय फार बरोबर ठरला.

नागपूर: वाढतच जाणारी सावली

पहिला घोटाळा ४ मेला नागपुरातून आला. काकांकडे गेलेल्या मुलाने ठिपके दिले, पण सावली आखूड होईचना. सव्वाबाराला नऊ सेंटीमीटर, मग वाढत वाढत पाऊणला सोळा-सतरा. बाकी सगळ्यांची आधी कमी होत होती आणि साडेबाराच्या आसपास पुन्हा वाढत होती. त्याचा निरोप आला, “सर, माझी काठी बिघडली.”

सरांनी उत्तर दिलं नाही. मलाही ‘गप्प बसा’ असा खासगी निरोप आला. गटावर बाकीच्या मुलांनी फळी हलली असेल, काठी पडली असेल असे तर्क केले. शेवटी पुण्यातली मुलगी म्हणाली, “तू लवकर सुरू करून बघ.” दुसऱ्या दिवशी तो अकरा पन्नासला बसला, आणि सावली आखूड झाली बारा दहाला.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. मिर्झापूरजवळून जाणारी ती रेघ नकाशात सगळ्यांनी पाहिलेली असते आणि तिचं पुढे काही होत नाही. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. कराड त्या रेघेच्या आठ अंशांहून जास्त पश्चिमेला, म्हणून तिथला खरा मध्यान्ह तेहतीस मिनिटं उशिरा. नागपूर साडेतीन अंशांच्या आतच, म्हणून चौदा मिनिटं उशिरा. त्यातून मेच्या सुरुवातीला पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे तीन-साडेतीन मिनिटं वजा होतात. उरतात साडेबारा आणि बारा दहा. एकाच राज्यात वीस मिनिटांचा फरक. मुलांना हे पुस्तकातून सांगितलं असतं तर ‘हो सर’ म्हणून झालं असतं. इथे एका मुलाची काठी ‘बिघडली’ होती आणि ती निर्दोष सुटायला हवी होती.

नागपूरच्या काकूंचा मात्र या सगळ्याला ठाम विरोध होता. मे महिन्यातलं तिथलं ऊन म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात. त्यांनी सरांना फोन करून विचारलं, “लू लागली तर कोण बघणार?” अगदी रास्त प्रश्न. तडजोड अशी झाली की मुलगा ओला पंचा डोक्याला गुंडाळून दारातल्या सावलीत बसेल, काकू घड्याळ बघून हाक मारतील, तो ठिपका देईल आणि परत येईल. दोन दिवसांत काकूच विचारू लागल्या, “आज किती आली?” मुलांचे घरचे उपक्रम टिकतात की नाही हे बऱ्याचदा अशा एखाद्या माणसावर ठरतं. शाळेच्या सूचनापत्रात तिचा उल्लेख कुठेच नसतो.

धुळे: अंगणाचा उतार

६ मेच्या सरावाचे आकडे असे आले. कराडला साधारण एक सेंटीमीटर, पुण्याला साडेतीन, नागपूरला आठ, धुळ्याला साडेदहा. आता नागपूरकर जोरात होता. “मी तुझ्याहून उत्तरेला आहे. तुझी सावली माझ्याहून मोठी कशी?”

धुळ्याच्या मुलीने पुन्हा मोजलं. तेच. फळी तपासली, काठी फळीला काटकोनात होती. तिचे मामा गवंडी. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांनी ओळंबा लावला आणि हसले. अंगणाला मोरीकडे उतार होता. तो त्यांनी स्वतःच दिलेला, फुटाला तीन सूत. फळी अंगणावर सपाट बसली होती, पण अंगणच सपाट नव्हतं. काठी उत्तरेला झुकली होती.

इथे मुलीने जे केलं ते मला अजून आठवतं. एक फूट म्हणजे शहाण्णव सूत, शहाण्णवाला तीन म्हणजे बत्तिसाला एक, म्हणजे एका मीटरला साधारण तीन सेंटीमीटर. साडेदहातून तीन गेले, साडेसात. गटावर तिने मोठ्या अक्षरांत टाकलं: “माझी साडेसात. मामांच्या उतारामुळे तीन जास्त.” त्या दिवशी धुळ्याला साडेसातच यायला हवी होती. तिने नुसतं चूक झाली म्हटलं नाही, चूक किती झाली तेही सांगितलं. प्रयोगशाळेत याला त्रुटीची दुरुस्ती म्हणतात आणि ती कॉलेजात शिकवतात.

मामांनी त्यापुढे सुधारणाही केली. म्हणाले, काठी हवीच कशाला? कपडे वाळत घालायच्या बांबूला ओळंबा टांगायचा, त्याचं टोक जमिनीला जेमतेम टेकेल असा. टोकाची जागा हेच काठीचं बूड. जमिनीपासून बरोबर एक मीटरवर दोरीला बाटलीचं झाकण अडकवायचं आणि त्याची सावली मोजायची. दोरी झुकत नाही, आणि ओळंब्याखालची जागा सिमेंट लावून पाणसपाट करून घेतली की झालं. वारा असेल तर थांबावं लागतं, एवढाच त्रास. मी नंतर हीच रीत सगळीकडे सांगतो. ज्यांच्याकडे ओळंबा नाही त्यांनी दोरीला मोठा नट बांधावा, आणि जमीन सपाट आहे का ते परातीत पाणी घालून बघावं.

पुण्याचं काम बिनबोभाट चाललं होतं. मुंबईचं झालंच नाही. इमारतीच्या गच्चीला कुलूप, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावी.

म्हापसा: खोडलेला बाण

८ मे. आभाळ स्वच्छ. कराडला गावात उरलेली मुलं आणि सर शाळेच्या पटांगणात होती. साडेबाराला काठीच्या बुडाशी सावली अशी काही उरलीच नाही. टोकाचा ठिपका मिनिटाला चार-साडेचार मिलिमीटर पळतो, त्यामुळे खरा शून्याचा क्षण बघता बघता निसटतो. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मग आकडे आले. पुणे अडीच सेंटीमीटर, धुळे ६.६, नागपूर ७, म्हापसा ३. सगळ्यांसमोर ‘उत्तरेला’.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूर सगळ्यात वर, ७. धुळे त्याच्या किंचित खाली, ६.६. पुणे अडीच. कराड शून्य. आणि कराडच्याही खाली म्हापसा, ३. खाली येता येता सावली कमी होत शून्यावर आली आणि मग पुन्हा वाढली, पण दिशा तीच? पुण्याच्या मुलीने विचारलं, “कराडला संपली तर खाली परत कुठून आली?” छान प्रश्न होता. गटावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

सरांनी म्हापशाला फोन केला. ‘तुझं चुकलं का’ असं न विचारता त्यांनी फक्त कागदाचा फोटो मागवला. फोटोत दिशेचा बाण खोडून उलटा काढलेला दिसत होता. मुलगी आधी गप्प, मग म्हणाली, “सर, सावली स्वयंपाकघराच्या बाजूला पडत होती. ती दक्षिण आहे. पण तुम्ही डिसेंबरमध्ये वर्गात सांगितलेलं की दुपारची सावली उत्तरेला पडते. मला वाटलं माझ्या दिशाच चुकल्या.”

तिच्या दिशा बरोबर होत्या. सूर्य म्हापशावरून २-३ मेलाच उत्तरेला निघून गेला होता. ८ तारखेला तो तिच्या दीड अंश उत्तरेला होता, म्हणजे सावली दक्षिणेलाच पडणार. गोव्यात ऑगस्टच्या साधारण दहा तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. ९ मेनंतर कराडलाही तेच. डिसेंबरमधलं सरांचं वाक्य डिसेंबरपुरतं खरं होतं. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, “खोडलेला बाण परत काढ. आणि गटावर तूच लिही.”

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. आपल्याकडे प्रयोगवही कशी भरली जाते ते आपण सगळे जाणतो. आधी उत्तर, मग त्यावरून उलटी बसवलेली निरीक्षणं. दहावीत ते सर्रास होतं, कॉलेजात त्याची कला होते. या मुलीने कुणाला फसवायला बाण बदलला नव्हता. पुस्तक आणि गुरुजी एका बाजूला, आपले डोळे दुसऱ्या बाजूला, तर डोळेच चुकले असणार, असा तिने अगदी सरळ हिशेब केला. वर्गात एकट्या मुलाने एकटाच प्रयोग केला असता तर हा बाण कधीच सापडला नसता, कारण ताडून बघायला दुसरं काही नसतं. इथे तिच्या आकड्यावर कराडचा, पुण्याचा, धुळ्याचा आकडा टेकला होता. एक खोटा झाला की बाकीच्यांची घडी विस्कटत होती. खरं बोल म्हणून उपदेश करावा लागला नाही. दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला तो खरा आकडा हवा होता.

तिने गटावर लिहिलं, “माझी दक्षिणेला आहे. मी बघितलंय.” कराडच्या मुलांनी महिनाअखेरीस मुद्दाम पुन्हा काठी लावली. सावली सात-आठ सेंटीमीटर, आणि दक्षिणेला.

जूनमधला हिशेब

शाळा उघडल्यावर गणित झालं, तेही त्रिकोणमितीशिवाय. काठी म्हणजे १०० सेंटीमीटर त्रिज्या. त्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटीमीटर. धुळ्याची सावली ६.६, म्हणजे परिघाचा साधारण पंचाण्णवावा भाग. सूर्याचे किरण दोन्ही गावी समांतर येतात, तेव्हा कराड ते धुळे हे अंतरही पृथ्वीच्या घेराचा पंचाण्णवावा भाग. नकाशावर ते अंतर आलं ४०० किलोमीटर. पंचाण्णव गुणिले चारशे, ३८,०००. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ आहे. फळीवरची सावली आणि शाळेचा नकाशा वापरून एवढं जवळ!

नागपूरवाल्याने त्याच रीतीने काढलं आणि उत्तर आलं ६०,०००. पुन्हा काठी बिघडली? या वेळी तो स्वतःच म्हणाला, काठी ठीक आहे, नकाशात काहीतरी आहे. त्याने कराड ते नागपूर सरळ पट्टी लावून ६७० किलोमीटर घेतले होते. पण धुळं जवळपास कराडच्या सरळ वर आहे, नागपूर तिरकं, बरंच पूर्वेला. सावलीच्या लांबीत फक्त उत्तर-दक्षिण अंतर धरायचं असतं, पूर्व-पश्चिम अंतर घड्याळाने आधीच खाल्लं. बारा दहा आणि साडेबारा, तेच ते. उत्तर-दक्षिण अंतर घेतलं, सव्वाचारशेच्या आसपास, आणि उत्तर पुन्हा अडतीस हजारांवर आलं.

म्हापसा आणि धुळे जोडताना वर्गात भांडण लागलं. तीन आणि ६.६ मिळवायचे की वजा करायचे? वजा केले तर पृथ्वी एक लाख किलोमीटरची होते. मिळवले तर ९.६, अंतर ५८८ किलोमीटर, आणि घेर पुन्हा साडेअडतीस हजार. बाण उलटाच राहिला असता तर ही बेरीज कुणाला सुचली नसती.

मग सरांनी इरॅटोस्थेनिस सांगितला. इसवी सनापूर्वी सुमारे २४० च्या आसपास इजिप्तमध्ये सायीन, म्हणजे आजचं आस्वान, तिथे सूर्य विहिरीच्या तळाशी पोचतो आणि त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला सावली पडते. कोन ७.२ अंश, वर्तुळाचा पन्नासावा भाग, अंतर ५,००० स्टेडिया, घेर अडीच लाख स्टेडिया. मुलांनी ही गोष्ट थोर माणसाची म्हणून ऐकली नाही. पहिला प्रश्न आला, “त्याने काठी सरळ कशी ठेवली?”

जे जमलं नाही

वर्गातल्या निम्म्याहून कमी मुलांनी नेटाने मोजलं. लग्नसराई होती, काहींच्या घरी दिवसा फोन हाताशी नसायचा, दोन मुलींना दुपारी धाकट्या भावंडांना सांभाळायचं असायचं. एका पालकांनी ‘सुट्टीत तरी पोरांना सोडा’ असं स्पष्ट सांगितलं, आणि सरांनी सोडलं. सक्ती केली असती तर आकडे भरपूर आले असते, घरबसल्या तयार केलेले.

ऑगस्टमध्ये ३ आणि ४ तारखेला सर काठी लावून बसले. दिवसभर भुरभुर पाऊस, सूर्याचं दर्शन नाही. त्या वेळी कराडचा मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांचा, मेपेक्षा नऊ मिनिटं उशिरा, हे मात्र मुलांनी आधी कागदावर काढून ठेवलं होतं.

कुणाला हे करायचं असेल तर मेची वाट बघायची गरज नाही. शून्य सावली हे फक्त हिशेब सोपा करणारं निमित्त. डिसेंबरमधल्या कुठल्याही निरभ्र दिवशी, शाळा चालू असताना, दोन गावांतल्या शाळांनी आपापल्या मध्यान्हाला सावली मोजली आणि दोन कोनांची वजाबाकी केली तरी चालतं. तेव्हा सावल्या लांब असतात, म्हणून परिघाची युक्ती न वापरता प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने कोन मोजावा. शून्य सावलीच्या गावोगावच्या तारखा भारतीय खगोलशास्त्र संस्थेची लोकसंपर्क समिती प्रसिद्ध करते, त्या घ्याव्यात. फक्त दोन्ही ठिकाणी मोजायचा दिवस एकच हवा. मेच्या सुरुवातीला दुसऱ्या दिवशी सावली अर्ध्या सेंटीमीटरने बदललेली असते.

अर्धा सेंटीमीटर हाच शेवटचा वाद होता. सावलीची कड कधीच धारदार नसते. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून एक मीटरवरून पडणारी कड जवळपास नऊ मिलिमीटर धूसर असते. धुळ्याच्या मुलीने त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरला होता. कुणी म्हणालं, अलीकडची कड धरली असतीस तर? मुलांनी दोन्ही बाजूंनी काढून बघितलं. ६.१ धरले तर पृथ्वी ४१ हजारांची, ७.१ धरले तर साडेपस्तीस हजारांची. इतक्या छोट्या चुकीने एवढा फरक! सरांनी विचारलं, मग करायचं काय? मोठी काठी, असं कुणी म्हणालं. पण काठी मोठी केली की धूसर पट्टाही तेवढाच रुंद होतो, हे पटांगणात दोन मीटरचा बांबू उभा केल्यावर दिसलं. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, लांबचं गाव घ्या. अंतर मोठं तर सावली मोठी, आणि मोठ्या सावलीत अर्धा सेंटीमीटर कमी खटकतो.

किती लांब? मुलांनी नकाशावर कराडवरून सरळ वर पट्टी लावली. धुळे, मग बरंच काही, मग जम्मू. कराड आणि जम्मू यांच्या रेखांशात एक अंशाचाही फरक नाही. उत्तर-दक्षिण अंतर १,७०० किलोमीटर. ८ मेला तिथे एक मीटर काठीची सावली २८ सेंटीमीटरच्या आसपास पडायला हवी, आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीने घेर सहासातशे किलोमीटरनेच हलेल. आता जम्मूला कोण जाणार, हा प्रश्न सातारा जिल्ह्यात फार वेळ टिकत नाही. एका मुलीचे चुलते फौजेत, पोस्टिंग जम्मूला.

सरांच्या फोनवरून तिने वर्गातूनच फोन लावला. चुलत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, कॅम्पातला फोटो पाठवता येणार नाही, आकडा तेवढा सांगतो. आणि काठीची उंची जमिनीपासून धरायची की फळीपासून?